नव्वद दिवस मेण नाही

पडदा वर जातो तेव्हा समोर पत्र्याची एक शेड दिसते. डाव्या हाताला दोन खोल्यांचं बैठं घर. घराच्या मागच्या दाराशी नळ, नळाखाली दगड, दगडावर साबणाची वडी आणि निम्मा झिजलेला ब्रश. उजव्या हाताला भिंत, आणि भिंतीवर खडूच्या उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या बांधल्यासारख्या. मधोमध एक जुनी चारदारी गाडी. गर्द हिरवी. सकाळचं ऊन शेडच्या तोंडाशी आलेलं आहे आणि गाडीच्या पुढच्या भागावर पसरलंय. गाडीपासून मोजून चार पावलांवर वेताची खुर्ची, खुर्चीत उशी, उशीला टेकून एक बारीक चणीची बाई. तिच्या मांडीवर पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आहे आणि नजर वर, तारेवर बसलेल्या कबुतरांवर.

"अहो!" बाई ओरडते. "आली हो! या वेळी जोडीनं आली!"

घरातून एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा धावत बाहेर येतो आणि टॉवेल गरगर फिरवतो. कबुतरं उडतात, जराशी लांब जाऊन पुन्हा बसतात.

"तुम्हाला ओळखायला लागलीत ती," बाई म्हणते. "मुद्दाम येतात. करमणूक होते त्यांची."

"त्यांची होऊ दे. गाडीवर नको."

या म्हाताऱ्याला सगळी गल्ली 'नव्वद' म्हणायची. वय सदुसष्ट. नवीन कुणी राहायला आलं की त्याला वाटायचं, हे नव्वदीचे आहेत, आणि तो माणूस दोन दिवस सगळीकडे सांगत फिरायचा की काय हो तब्येत राखलीय! पण त्या नावाचा वयाशी काही संबंध नव्हता. अडतीस वर्षं नव्वदनं एका रंगकामाच्या गॅरेजमध्ये गाड्यांना पॉलिश आणि मेण केलं. डेंटरनं पत्रा सरळ करायचा, रंगाऱ्यानं खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरून रंगाची गन मारायची आणि शेवटी गाडी नव्वदच्या हाती यायची. त्यानं रंगावर हात फिरवून ती गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करायची. स्वाधीन करताना तो एक भाषण द्यायचा. अडतीस वर्षांत त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

"नव्वद दिवस मेण नाही. रंग वरनं वाळलाय, आतनं नाही. आत थिनर आहे, तो हळूहळू उडून जाणार. मेण लावलंत की त्याचं नाक दाबलंत. यंत्रावर धुवायची नाही. साधं पाणी, मऊ फडकं, सावलीत. पक्ष्यानं घाण केली तर तिथल्या तिथे धुवायची. झाडाखाली उभी करायची नाही, चीक पडतो. आणि अंगावर काहीही पांघरायचं नाही. नव्वद दिवसांनी या. मेण मी लावणार."

गिऱ्हाईक मान डोलवायचं. काही ऐकायचे, काही नाही. एका वकिलानं नाही ऐकलं. महिन्याभरानं तो तरातरा गॅरेजात आला आणि मालकावर तोंड टाकलं. बॉनेटवर धुकं बसल्यासारखं झालं होतं, बारीक बारीक फोड आले होते. नव्वद आला, एक बोट बॉनेटवरून ओढलं आणि म्हणाला, "साहेब, कितव्या दिवशी?"

"कसलं कितव्या दिवशी?"

"मेण."

जन्मभर दुसऱ्यांची साक्ष काढणारा तो माणूस खाली बघून म्हणाला, "दहाव्या." त्या दिवसापासून हे नाव पडलं ते कायमचं.

रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून नव्वद काय काय करायचा! कामावर निघताना बोटातली अंगठी काढून काडेपेटीत ठेवायचा. "लग्न माझ्याशी आणि अंगठी काढायची तिच्यासाठी," असं बायको म्हणायची. पट्टा नाही, पँटला नाडी. फडक्यांच्या कडांची शिवण उसवून टाकलेली, कारण शिवणीचा दोराही रंगावर रेघ मारतो. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे शर्ट. गाडीवर ओणवं झालं की पोटाची बटणं घासतात, म्हणून शेजारच्या शिंप्याकडून त्यानं पाठीवर बटणं असलेले शर्ट शिवून घेतले होते. शिंपी म्हणाला, "असले शर्ट मी आजवर फक्त दवाखान्यात पाहिलेत." ती बटणं नव्वदला स्वतःला लावता येत नसत. रोज सकाळी दारात तो पाठ करून उभा राहायचा आणि बायको खालून वर सहा बटणं लावायची. कधी भांडण झालेलं असलं तर वरचं एक मुद्दाम सोडून द्यायची. मग गॅरेजात सगळे विचारायचे, "काय रे, आज घरी कडाक्याचं वाजलं वाटतं?"

संध्याकाळी परत आला की उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आधी नळ. थिनरचा आणि मेणाचा वास बायकोच्या डोक्यात जायचा. "आधी हात," आतून आवाज यायचा. रॉकेल, मग साबण, मग ब्रश. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपरापर्यंत. दहा मिनिटं मोडायची. सर्जन ऑपरेशनला निघालाय असं वाटायचं. चहा निवून जायचा, तो पुन्हा गरम व्हायचा, आणि मगच दोघं जण एकमेकांशी पहिला शब्द बोलायचे. मूलबाळ नव्हतं. घरात आवाज एवढाच.

पुढे गॅरेजात यंत्रं आली. नव्वदला निरोप देताना मालकाला काय सुचलं कोण जाणे, मागच्या अंगणात सात वर्षं सडत पडलेली एक चारदारी गाडी त्यानं देऊन टाकली. दरवाजे गंजलेले, सीटच्या आत उंदरांचा संसार. शिंपी म्हणाला, "ही गाडी नाही, ही अस्थी आहे." पण बायकोनं त्या दिवशी त्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ही चालेल?"

"चालवीन."

"माझ्या बहिणीच्या फाटकापर्यंत?"

धाकटी बहीण ऐंशी किलोमीटरवर राहायची. तिच्या नवऱ्याकडे पहिल्यापासून गाडी. ती यायची तेव्हा दारात हॉर्न वाजायचा. ही जायची तेव्हा बसनं, आणि थांब्यापासून पिशवी घेऊन चालत. धाकटी फाटकात उभी राहून दर वेळी म्हणायची, "अगंबाई ताई, पायी आलीस?" मनानं वाईट नव्हती ती, पण तीस वर्षं तेच वाक्य. दुसरं सुचतच नसे.

"एकदा," बायको म्हणाली, "एकदा फाटकापर्यंत गाडीनं जायचंय. आणि हॉर्न मी वाजवणार. तुम्ही मधे हात घालायचा नाही."

तीन वर्षं गेली. सीट झाली, इंजिन जुन्या ओळखीच्या मिस्त्रीनं लावून दिलं, पत्रा नव्वदनं स्वतः ठोकला, लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. गाडी राखाडी प्रायमरमध्ये उभी होती तेव्हा बायकोला चालताना धाप लागली. मग बसल्या जागीही लागायला लागली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हृदय दमलंय यांचं. औषधानं आधार देऊ. पण खोटं कशाला सांगू... सहा महिने म्हणा. जास्तही निघतील."

परत येताना दोघं रिक्षात होती. बायको बाहेर बघत होती. नव्वद बोटांची पेरं मोजत होता. रंगाला पंधरा दिवस. वर नव्वद. सहा महिन्यांत बसतात. बसून वर दोन महिने उरतात.

"काय मोजताय?" तिनं विचारलं.

"रंग कुठला द्यायचा?" तो म्हणाला.

रंग तिनं निवडला, शिंप्याच्या बटणांच्या डब्यातून. एक गर्द हिरवं बटण काढलं आणि म्हणाली, "हा." नव्वदनं रंगाच्या दुकानात जाऊन चार डबे उलटसुलट मिसळले आणि बटणाशी जुळेपर्यंत दुकानदाराला बसू दिलं नाही. शेडच्या जमिनीवर पाणी मारलं, धूळ दबली. फटींना ओली फडकी लावली. रंगाचे तीन हात मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर खडूनं पहिली रेघ ओढली.

"झाले सुरू," तो म्हणाला. "नव्वदाव्या दिवशी मेण. एक्याण्णवाव्या दिवशी तुझ्या बहिणीचं फाटक."

मग ती खुर्ची आली, उशी आली, पाण्याची बाटली आली. डॉक्टरांनी तिला घरकाम बंद केलं होतं, नव्वदनं तिला पहाऱ्याची नोकरी दिली. कबुतरं, कावळे, चेंडू, शेजारच्यांचं मांजर. मांजराला उन्हात तापलेलं बॉनेट फार आवडायचं. बायको फवारा मारायची आणि मग मांजराची माफी मागायची. शिंपी काम घेऊन शेडच्या तोंडाशी येऊन बसायचा, बटणं टाकता टाकता चिडवायचा.

"वहिनी, लग्नाला इतकी वर्षं झाली, याच्यासमोर असं बसून राहायला कधी मिळालं होतं?"

"कुठलं हो. आता तरी कुठे माझ्याकडे बघतात? मला ठेवलंय राखणीला, बघतात तिच्याकडे."

नव्वद हसायचा. रोज सकाळी एक रेघ. साध्या पाण्यानं गाडी धुताना तो तिला समजावून सांगायचा: वरून खाली धुवायचं, चाकं सगळ्यात शेवटी, चाकाचं फडकं वेगळं. अडतीस वर्षं तिनं फक्त त्याचे हात पाहिले होते. हात काय करतात ते आता पाहत होती. ते दिवस चांगले होते असं नव्वद पुढे कबूल करायचा, पण विचारल्यावरच.

सव्विसाव्या दिवशी तो तिची औषधं आणायला गेला. रांग मोठी होती. तो रांगेत असताना वारा सुटला. रस्त्यावरची सगळी धूळ उठून शेडकडे यायला लागली. ती हिरव्या गाडीवर बसताना बायकोनं पाहिलं. मग दोन-चार थेंबही आले. ती खुर्चीतून उठली. शिंपी दुकानात नव्हता. भिंत धरत धरत ती आत गेली, पलंगावरची सुती चादर ओढली, तशीच बाहेर आली. अख्ख्या गाडीला ती पुरणार नव्हती, म्हणून तिनं बॉनेटवर घातली. तेच तर सगळ्यांना आधी दिसतं. उडू नये म्हणून खुर्चीतली उशी वर ठेवली. मग उशीशिवायच खुर्चीत बसली, धाप लागलेली, पण खूश. दोन थेंबांनी चादर ओली झाली. पाठोपाठ ऊन आलं, कडक.

नव्वद दोन तासांनी आला. त्यानं चादर पाहिली. औषधांची पिशवी खाली ठेवली आणि चादरीचं टोक उचललं. ती जराशी चिकटून मग सुटली.

बॉनेटवर चादरीचं विणकाम उमटलं होतं. आडवा धागा, उभा धागा, सगळं. मधून शिवणीची सरळ रेघ. आणि उशी होती तिथे एक गोल खड्डा, उशीच्या मधल्या बटणाएवढा.

"काय केलंस हे?"

"धूळ येत होती हो."

"पांघरायचं नाही!" तो ओरडला. बायकोवर तो असा कधी ओरडला नव्हता. "आतला वायू बाहेर पडायला नको? ओलं फडकं, वर ऊन! अख्ख्या जगाला माहितीये पांघरायचं नाही म्हणून!"

"मला कुणी सांगितलं?"

नव्वदनं आठवून पाहिलं. वकिलाला सांगितलं होतं. डॉक्टरांना, दुकानदारांना, शाळेच्या बसवाल्याला, एका गाडीच्या अपंग मालकाला खुर्चीजवळ गुडघ्यावर बसून सांगितलं होतं. हजारभर माणसांना शब्दन् शब्द. घरात तो यायचा, हात धुवायचा आणि चहा प्यायचा. घरात फक्त 'नव्वद' एवढंच पोचलं होतं.

तिनं खुर्चीतूनच मान लांब करून पाहिलं. "राहू दे की," ती म्हणाली. "माझ्या चादरीची नक्षी आहे. बरी दिसते."

"उद्या घासतो. पुन्हा रंग मारतो बॉनेटला."

"आणि दिवस?"

"पहिल्यापासून."

त्यानं ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरच्या सव्वीस रेघा पुसून टाकल्या. ती बघत होती हे त्याला माहीत होतं.

शिंप्यानं संध्याकाळी डोकं लावायचा प्रयत्न केला. "अरे, बॉनेटचे नव्वद वेगळे धर. बाकीच्या गाडीचे तर चालूच आहेत. ते भरले की बाकीला मेण लाव, बॉनेट तसंच राहू दे, आणि जा घेऊन वहिनींना."

"पुढचं अंग कोरडं आणि मागचं चकचकीत? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

"ज्यांना कळतं ते."

"ते तू एकटा आहेस," शिंपी म्हणाला. नव्वद पॉलिश पेपर पाण्यात भिजवत राहिला.

घासायला, सुकवायला, हवा कोरडी होण्याची वाट बघायला आणि पुन्हा तीन हात मारायला नऊ दिवस गेले. भिंतीवर पुन्हा एक नंबरची रेघ आली. ती चादर मात्र तिनं धुवायला टाकू दिली नाही. घडी करून पाठीशी घ्यायची.

नव्या मोजणीच्या चाळिसाव्या दिवशी तिची तब्येत बरी होती. सकाळी तिनं स्वतः चहा केला, केस विंचरले आणि ठेवणीतले कपडे घालून शेडमध्ये आली.

"आज जाऊ या का?"

"कुठे?"

"फाटकाशी. मेण नको, काही नको. मेणाशिवाय गाडी रस्त्यावर न्यायला बंदी थोडीच आहे?"

बंदी नव्हती. नव्वद स्वतः गिऱ्हाइकांना रंगानंतर आठव्या दिवशी गाडी घेऊन जाऊ द्यायचा. बायकोनं तेही या अडीच महिन्यांत ऐकून घेतलं होतं.

"खडी उडते," तो म्हणाला. "ऐंशी किलोमीटर. रस्त्याचं काम चाललंय मधे. डांबर उडतं. कोवळा रंग आहे."

"गाडी कशासाठी असते हो?"

"पन्नास दिवस राहिलेत फक्त. डॉक्टर काय म्हणाले? सहा महिने. वर जास्तही. आहेत की हाताशी."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग हसली. "तुमचे पन्नास," ती म्हणाली. "बरं. नुसतं बसू तर द्या."

त्यानं दार उघडलं. तिच्या पायांखाली स्वच्छ फडकं अंथरलं. ती पुढच्या सीटवर बसली, पाय जुळवून, पर्स मांडीवर घेऊन. तो स्टिअरिंगमागे बसला. तिनं हात लांब करून हॉर्न दाबला. आवाज आला नाही. बॅटरी त्यानं काढून ठेवली होती.

"पॉं," बायको तोंडानं म्हणाली. "पॉं पॉं!"

आणि शिंपी, देव त्याचं भलं करो, दुकानातून धावत आला. गळ्यातली मापाची पट्टी त्यानं डोक्यावरून घेतली, काल्पनिक फाटक उघडलं आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "अगंबाई ताई! गाडीनं आलीस?"

"हो," बायको म्हणाली. "पायी यायचा कंटाळा आला."

"आणि ड्रायव्हर कुठला पकडलास गं हा? शर्ट उलटा घालतो!"

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. नव्वदही हसला. मग तिला उतरवून त्यानं काचेवर उमटलेला तिचा हात पुसून घेतला.

त्यानंतर ती शेडमध्ये फारशी आली नाही. खुर्ची तिथेच राहिली, पहाऱ्याला शिंपी बसू लागला. सकाळी पलंगावर बसूनच ती बटणं लावायची. तो पलंगाशी पाठ करून जमिनीवर बसायचा. बोटं हळू चालायची. पाचव्या बटणाला थांबून दम घ्यायची.

भिंतीवर अठ्ठावन्नावी रेघ होती. पहिली मोजणी चालू राहिली असती तर मेण होऊन तीन दिवस झाले असते. दुपारची वेळ. नव्वद चाकाच्या आतल्या बाजूचं जुनं डांबर रॉकेलनं काढत होता, कोपरापर्यंत काळा. आतून हाक आली, "अहो." मोठी नाही. रोजचीच. पण तो उठला आणि पहिल्यांदाच नळाकडे न वळता तसाच आत गेला. ती उशीला टेकून बसली होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि एक वाक्य बोलली. तो बाहेर गेला.

परत आत आला तेव्हा पलंगावर चादरीची घडी तशीच होती, आणि ती नव्हती. म्हणजे होती. तो बराच वेळ तिथेच जमिनीवर पाठ करून बसून राहिला. शिंप्यानं त्याला तसं पाहिलं.

माणसं आली. सगळी तेच विचारत होती, काय म्हणाल्या हो शेवटी? नव्वदनं कुणाला सांगितलं, "म्हणाली, जपून राहा." कुणाला सांगितलं, "म्हणाली, माझं सगळं छान झालं." मालक आले त्यांना सांगितलं, "म्हणाली, मालकांचे उपकार आहेत." धाकटी बहीण आली, रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिला सांगितलं, "म्हणाली, धाकटीला भेटायचं राहिलं." प्रत्येकाला हवं ते मिळालं. शिंपी कोपऱ्यात बसून सगळी वाक्यं ऐकत होता. चौथ्या वाक्यानंतर त्यानं मान खाली घातली.

रेघा मात्र रोज वाढत होत्या. नव्वद रोज सकाळी शर्ट घालायचा आणि शिंप्याच्या दुकानासमोर पाठ करून उभा राहायचा. शिंपी सहा बटणं लावायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "तुला पुढे बटणं असलेला शिवून देतो."

"नको. गाडीला घासेल."

नव्वदाव्या दिवशी त्यानं गाडी सावलीत घेतली. पत्रा हातानं पाहिला, थंड होता. दोन बादल्या, एकीत साबण, एकीत नुसतं पाणी. वरून खाली. चाकं शेवटी. कोरडी करून झाल्यावर मेणाचा डबा उघडला. मेणाचा वास सगळ्या शेडमध्ये पसरला आणि घराच्या दारातून आत गेला. तो क्षणभर थांबला, आतून कुणी काही म्हणतंय का म्हणून. मग शिवण काढलेलं फडकं बोटांना गुंडाळलं. एका वेळी एक हात जागा. पातळ, इतकं पातळ की लावलंय की नाही कळू नये. ते पांढुरकं व्हायची वाट पाहायची, बोट ओढून बघायचं, बोटामागे स्वच्छ हिरवी रेघ उमटली की पुसायचं. बॉनेटला त्यानं सगळ्यात जास्त वेळ घेतला. तिथे आता काही नव्हतं. ना धागा, ना शिवण, ना उशीचा खड्डा. इतकं चांगलं घासलं होतं त्यानं. गाल टेकवून तिरक्या उजेडात पाहिलं तरी काही नव्हतं.

शिंपी म्हणाला, "अशी झळाळी आयुष्यात पाहिली नाही." आणि ते खरं होतं.

एक्याण्णवाव्या दिवशी बॅटरी लावून तो निघाला. शेजारच्या सीटवर त्यानं काही ठेवलं नाही, औषधाची पिशवीही नाही, पाण्याची बाटलीही नाही. मधे रस्त्याचं काम चालू होतं. खडी उडाली, बॉनेटवर बारीक आवाज झाले. त्यानं वेग कमी केला नाही.

फाटकाशी गाडी थांबवली. हॉर्न त्याच्या हाताशी होता. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. बराच वेळ गेल्यावर धाकटी खिडकीतून दिसली, मग बाहेर आली. तिनं गाडीकडे पाहिलं, मग काचेतून पुढच्या सीटकडे, आणि तिथेच बघत राहिली. सवयीनं ओठ हलले, पण ते वाक्य आता कुणाला म्हणायचं? तिनं बॉनेटवर सबंध तळहात टेकवला. अडतीस वर्षांत नव्वदनं कुणाला असा हात टेकवू दिला नव्हता. आज टेकवू दिला.

"ताईच्या आवडीचा रंग आहे," ती म्हणाली. "भाऊजी, एक विचारू? रागवायचं नाही. मला भेटायचं राहिलं म्हणाली, असं तुम्ही सांगितलंत. ती असं बोलणारीच नव्हती. मी तिची बहीण आहे. खरं काय म्हणाली ते सांगा."

नव्वद खाली उतरला. त्यानं आपले हात पुढे धरले आणि उलटसुलट करून पाहिले. स्वच्छ होते, नखांपर्यंत. त्या दिवशीही तो नळावरून आला तेव्हा असेच स्वच्छ होते. दहा मिनिटं घासले होते, रोजच्यासारखे, कोपरापर्यंत.

"म्हणाली," तो म्हणाला, "आधी हात धुऊन या."